अनलिमिटेड प्लॅनचा तेविसावा दिवस

रात्री दोनला दहा कमी असताना फोन वाजला. आमचा रात्रपाळीचा टेक्निशियन होता.

"ताई, फोटो जाईनात. पुण्याच्या सरांचा दोनदा फोन येऊन गेला. पेशंट स्ट्रोकचा आहे."

आमचं स्कॅन सेंटर कराडला आहे. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी, एक्सरे. माझा भाऊ रेडिओग्राफर आहे आणि मशिनरी तो सांभाळतो. बिलं, माणसं, कंपन्यांचे करार आणि लायसन्सची कागदपत्रं माझ्याकडे असतात. इंटरनेटचा करारही मीच केलेला. पाटण, ढेबेवाडी, शिराळा, कडेगाव, विटा इथून पेशंट येतात आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळ असल्यानं अपघातातलेही येतात. दिवसा आमचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर इथेच बसून रिपोर्ट देतात. रात्री मात्र कराडमधून स्कॅन पाठवायचे आणि पुण्यातल्या सरांनी ते बघून रिपोर्ट द्यायचा, अशी व्यवस्था आहे. दिवसाच्या स्कॅनची प्रतसुद्धा पुण्याच्या सर्व्हरवर जाते. म्हणजे रात्री आमचं सगळं काम भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीतून बाहेर जाणाऱ्या एका काचेच्या तंतूवर अवलंबून असतं.

घर सेंटरपासून पाच मिनिटांवर. पावसातच गेले. बाहेरच्या बाकावर साठीच्या माणसाचा मुलगा बसला होता. वडील मशीनवरून उतरवून स्ट्रेचरवर ठेवले होते, उजवा हात उचलत नव्हता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सव्वा अकराला जेवून हात धुताना पडले, असं तो म्हणाला. शेजारच्या दवाखान्याचे फिजिशियन आमच्या कन्सोलपाशी उभे होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे पावणेचारच्या आत. रिपोर्टशिवाय त्यांचे हात बांधलेले होते.

स्क्रीनवर लिहिलं होतं : १,१०४ पैकी ६१.

मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. ६२ व्हायला नऊ सेकंद लागली. ६३ ला पुन्हा नऊ. सीटीचा एक फोटो म्हणजे ५१२ ओळी, ५१२ रकाने, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, असा साधारण अर्धा एमबी असतो. एरवी आमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनीवर अकराशे फोटो पाऊण मिनिटात जातात, आकडा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. नऊ सेकंदाला एक या वेगानं हजारावर फोटो जायला अडीच तासांहून जास्त लागले असते. तोवर साडेचार वाजले असते.

सर फोनवर म्हणाले, "सगळं पाठवणं थांबवा. आधी फक्त मेंदूच्या पाच एमएमच्या स्लाइस करा आणि तेवढ्याच टाका." टेक्निशियननं रांग रद्द केली, जाड स्लाइस बनवल्या, म्हणजे मेंदूचे थोडेच पण जाड काप. बत्तीस फोटो झाले. ते जायला पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांत त्या खोलीत कुणी बोललं नाही. बत्तिसावा गेला आणि दोनेक मिनिटांत सरांचा आवाज आला, "ब्लीड नाही. अँजिओ पाठवा."

अँजिओचे, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे, साडेआठशे फोटो होते. ते आम्ही रिपोर्टिंगच्या लॅपटॉपवर उतरवले आणि टेक्निशियनच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावून, मोबाइल खिडकीच्या गजाशी धरून पाठवले. सात-आठ मिनिटांत गेले. पावणेतीनच्या आधी शेजारी इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा हात वर येत होता, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. न पाहता मला चैन पडलं नसतं.

त्या रात्रीच्या आदल्या सकाळपासून "नेट स्लो आहे" असं रिसेप्शनवर दोघी म्हणत होत्या. पाऊस होता, केबल भिजली असेल म्हणून मीच ते मनावर घेतलं नव्हतं. दिवसाचे रिपोर्ट आतल्या आत होतात, त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी नऊला कस्टमर केअरला फोन लावला. मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचं फेअर युसेज लिमिट काल सकाळी संपलंय. आता दोन एमबीपीएसचा स्पीड मिळेल, एक तारखेला पूर्ववत होईल."

मी म्हणाले, "आमचा प्लॅन अनलिमिटेड आहे. बिझनेसचा आहे. बिलावर तसं छापलंय."

"हो मॅडम, अनलिमिटेडच आहे. नेट बंद झालेलं नाही, फक्त स्पीड कमी झालाय."

तिच्या बाजूनं ती बरोबर होती. दोन वर्षं मी ज्या शब्दाचे पैसे भरत होते, त्या शब्दाचा कंपनीच्या भाषेतला अर्थ मला त्या वाक्यातून पहिल्यांदा कळला. लाइन तुटणार नाही, जादा जीबीचं बिल लागणार नाही, एवढंच "अनलिमिटेड". वेगाचं वचन एका आकड्यापर्यंतच. आमच्या प्लॅनला तो आकडा होता महिन्याला ३३०० जीबी. देशातल्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये याच्या आसपासचा आकडा सापडतो. आमच्या बिलावर तो नव्हता, विक्रीच्या मुलानं पाठवलेल्या व्हॉट्सॲपवरही नव्हता. त्यावर होतं, "१०० एमबीपीएस, अनलिमिटेड डेटा, स्टॅटिक आयपी फ्री". वेबसाइटवरच्या अटींच्या पीडीएफमध्ये, बारीक अक्षरातल्या एका कलमात तो होता, आणि पुढे लिहिलं होतं की डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मिळून मोजलं जाईल.

आमच्यासारख्यांना शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. घरी माणसं बघतात, उतरवतात. आमचा धंदा पाठवण्याचा आहे.

पुन्हा रात्र येणार होती, त्यामुळे वाद नंतर घालू म्हणून मी १०० जीबीचा टॉप-अप घेतला. त्या मुलीनं विचारलं, "नोंदणीकृत नंबरवर मेसेज गेले असतील ना मॅडम?" कुठला नंबर, विचारलं. शेवटचे चार आकडे ऐकले आणि लक्षात आलं, हा आमच्या जुन्या अकाउंटंटचा नंबर. अर्ज भरला तेव्हा तो इथे होता. तो काम सोडून जाऊन वर्ष झालं होतं. मी तिथल्या तिथे माझा नंबर घालायला लावला.

हे केलं नसतं तर खरी गोष्ट मला कळलीच नसती. त्या दिवशी संध्याकाळी पाचला मेसेज आला : ५० टक्के डेटा वापरला. रात्री पावणेबाराला दुसरा : ९० टक्के. सव्वा एकला तिसरा : १०० टक्के. १०० जीबी सोळा तासांत संपले होते.

आमचं स्कॅनचं काम मला पाठ आहे. दिवसाला पंचवीस-अठ्ठावीस पेशंट, सरासरी अर्धा जीबी धरा, तेरा-चौदा जीबी. रिसेप्शन, ईमेल, इन्शुरन्सची पोर्टलं, बाहेर बसलेल्यांचं वायफाय मिळून आणखी चारेक जीबी. दिवसाला अठरा. महिन्याला साडेपाचशेच्या आत. दोन वर्षं ३३०० च्या जवळपासही आम्ही गेलो नव्हतो, म्हणून तर ती मर्यादा आहे हेच कळलं नव्हतं. मग सोळा तासांत शंभर?

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये दिवसावारचा वापर शोधला. तो तीन पानं आत दडलेला होता. एक तारखेपासून रोज १४५ ते १५० जीबी. त्यातलं जवळजवळ सगळं अपलोड. एक तारखेच्या आधी रोज अठरा-वीस.

भाऊ म्हणाला, "मशीनमधून काही जास्त गेलेलं नाही, माझ्याकडे लॉग आहेत." मग आम्ही दोघं राउटरच्या पानावर बसलो. जोडलेल्या उपकरणांची यादी असते, प्रत्येकापुढे चालू क्षणाचा वेग. सीटीच्या सर्व्हरपुढे शून्य. रिसेप्शनच्या दोन कंप्युटरपुढे किरकोळ. आणि एका नाव नसलेल्या ओळीपुढे, कुणी काही करत नसताना, न थांबता, वर जाणारा बाण. भाऊ उठला आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या डबीची वायर काढली. बाण थांबला.

महिन्याच्या आधी आमच्या पार्किंगमधून एका पेशंटच्या नातेवाइकाची मोटारसायकल चोरीला गेली होती. म्हणून आम्ही सहा कॅमेरे बसवले, आणि "रेकॉर्डिंग चोरानं नेलं तरी क्लाउडवर राहील" असं बसवणाऱ्यानं सांगितल्यावर क्लाउडचं पॅकेज घेतलं. प्रत्येक कॅमेरा चोवीस तास २ एमबीपीएसनं वर पाठवत होता. गुणाकार कुणीच केला नव्हता. मी त्या सकाळी केला. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट, आणि आठ बिटचा एक बाइट, म्हणून सेकंदाला पाव एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका कॅमेऱ्याचे रोज २१.६ जीबी. सहांचे १२९.६. महिन्याला ३,८८८ जीबी. म्हणजे सेंटरमध्ये एकही स्कॅन झाला नसता, तरी नुसत्या कॅमेऱ्यांनी पंचवीस-सव्वीस तारखेला ३३०० संपवले असते. आमच्या अठरा जीबीसकट ते तेविसाव्या दिवशी सकाळी संपले.

आणि त्या रात्री नऊ सेकंदाला एक फोटो का जात होता, तेही कळलं. २ एमबीपीएसचा वेग एकट्या सीटीला मिळाला असता तर एक फोटो दोन सेकंदांत गेला असता. पण त्या अरुंद दारातून सहा कॅमेरे बारा एमबीपीएस ढकलत होते. रिकाम्या पार्किंगचं पावसातलं चित्र आणि माणसाच्या मेंदूचं चित्र एकाच रांगेत उभं होतं, आणि राउटरला त्यातलं कुठलं आधी सोडायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. ती बोच मला अजून आहे.

कॅमेऱ्यांचं काम अर्ध्या दिवसात मार्गी लागलं. ४ टीबीची हार्ड डिस्क आणून रेकॉर्डिंग सेंटरमध्येच ठेवलं. तेवढ्यात साधारण महिनाभराचं मावतं. क्लाउडवर फक्त रात्री गेटजवळ हालचाल झाली तर तेवढा तुकडा जातो. राउटरमध्ये सीटी-एमआरआयच्या सर्व्हरला पहिला मान आणि कॅमेऱ्यांना वेगाची कमाल मर्यादा लावून घेतली. भावानं आणखी एक चांगली गोष्ट केली. स्कॅन पाठवताना ते लॉसलेस पद्धतीनं दाबून पाठवायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होतीच, कुणी चालू केली नव्हती. चित्रातला एकही ठिपका बदलत नाही आणि वजन साधारण निम्मं होतं. पुण्याच्या सरांना विचारून ती चालू केली.

पण कंपनीशी माझं बोलणं संपलं नव्हतं. चूक आमची होती तेवढी मी मान्य करते. तरी मर्यादेचा आकडा बिलावर, जाहिरातीत, अर्जावर कुठेच का नव्हता, हा प्रश्न माझा एकटीचा नव्हता. माझ्या ओळखीत दोन पॅथॉलॉजी लॅब, एक डिजिटल प्रेस आणि लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा आहे. चौघांकडे "अनलिमिटेड बिझनेस" होता. चौघांना विचारलं, मर्यादा किती? एकालाही सांगता आली नाही.

शोधल्यावर कळलं की दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, ऑक्टोबर २०१६ मध्येच यावर निर्देश दिलेले आहेत. फेअर युसेज असलेल्या ब्रॉडबँड प्लॅनसाठी डेटाची मर्यादा किती, त्या मर्यादेपर्यंत वेग किती आणि त्यानंतर वेग किती, हे कंपनीनं वेबसाइटवर आणि जाहिरातीत सांगायला हवं. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर गेला की ग्राहकाला कळवायला हवं. मर्यादा संपल्यावरही डाउनलोडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी केली. आपल्याला मिळालेला २ चा वेग म्हणजे व्याख्येच्या बरोब्बर उंबरठ्यावर होता. ५१२ केबीपीएसचा विचार करून मला धडकी भरली. त्या वेगानं एक जीबी पाठवायला चार तासांच्या वर लागतात.

तक्रार कशी करायची, हे थोडं सविस्तर लिहिते, कारण यात माझे पंधरा दिवस वाया गेले. मी आधी ट्रायलाच ईमेल पाठवायला बसले होते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं आणि डॉकेट नंबर घ्यायचा. "तुमची तक्रार नोंदवली" एवढ्यावर फोन ठेवायचा नाही. मला पहिल्या दोन वेळा नंबर मिळालाच नाही, तिसऱ्यांदा मी "नंबर दिल्याशिवाय फोन ठेवणार नाही" म्हणाले तेव्हा मेसेज आला. दोन दिवसांनी तक्रार "सोडवली" म्हणून बंद झाली. सोडवलेलं काय, तर आमचा वेग तपासून तो प्लॅननुसार आहे असा शेरा.

त्याच्या वरची पायरी म्हणजे त्याच कंपनीतलं अपील प्राधिकरण. ही दोन पायऱ्यांची व्यवस्था ट्रायच्या २०१२ च्या नियमांतून आलेली आहे. अपिलाला फी नाही, वकील लागत नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलात मी भावना लिहिल्या नाहीत. त्या रात्रीचं लिहायला घेतलं होतं, दीड पान झालं होतं, ते काढून टाकलं. तीन गोष्टी मागितल्या. आमच्या प्लॅनची मर्यादा आणि नंतरचा वेग लेखी द्या. विक्रीच्या वेळी हा आकडा आम्हाला कुठल्या कागदावर दाखवला तो कागद द्या. आणि ५०, ९०, १०० टक्क्यांचे मेसेज कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरवर गेले ते द्या. सोबत व्हॉट्सॲपचा फोटो, बिल आणि दिवसावार वापराचा तक्ता जोडला.

एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं. मर्यादा ३३०० जीबी, नंतर २ एमबीपीएस, वेबसाइटच्या अटींत नमूद. मेसेज तीनही गेलेले आहेत, तारखा अशा-अशा, नोंदणीकृत नंबरवर. विक्रीच्या वेळचा कागद त्यांना सापडला नाही, ते उत्तरात सरळ लिहिलं होतं. टॉप-अपचे पैसे पुढच्या बिलातून वजा करण्यात येतील. बिलावर आकडा छापण्याविषयी "सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे".

भाऊ म्हणाला, एवढ्यासाठी एवढा खटाटोप. मला तसं वाटलं नाही. आमच्या सेंटरविषयीचा आकडा दोन वर्षांत पहिल्यांदा कंपनीच्या लेटरहेडवर आला होता. तो मी फाइलला लावला.

पुढे ग्राहक आयोगात जावं का, म्हणून इथल्या एका वकीलबाईंना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक दुकानदारानं, दवाखान्यानं ऐकावं असं आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "व्यावसायिक हेतूनं" सेवा घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात अपवाद आहे. सहा मशीनं आणि चौदा माणसांच्या सेंटरला तो अपवाद लावून घेणं कठीण. "बिझनेस प्लॅन घेताना तुम्ही जास्त पैसे भरता आणि घरगुती ग्राहकाकडे असलेलं एक दार बंद करून घेता," असं त्या म्हणाल्या. मी तिथेच थांबले.

याच काळात फायबरवाल्याचा लाइनमन एकदा डबी बदलायला आला होता. मी त्याला चहा देऊन विचारलं, "मर्यादा लावता तरी कशाला? तंतू तर काचेचा, झिजत नाही." त्यानं माझ्या टेबलावरच्या रिपोर्टच्या पाकिटामागे पेननं चित्र काढून दाखवलं. एक्स्चेंजमधून एक तंतू निघतो. चौकातल्या खांबावरच्या डब्यात स्प्लिटर असतो, तिथे एकाचे बत्तीस किंवा चौसष्ट होतात. त्यातला एक आमच्या भिंतीवर. खाली येताना त्या एका तंतूवर सगळ्यांना मिळून अडीच जीबीपीएस, वर जाताना त्याच्या निम्मे, सव्वा. "चौसष्ट जणांनी एकदम शंभर-शंभर ओढले तर सहा हजार चारशे एमबीपीएस झाले, आणि तंतूवर आहेत अडीच हजार. पण सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून हे चालतंय. तुमच्यासारखा एक चोवीस तास ओढाय लागला की बाकीचे मला शिव्या घालत्यात."

हे ऐकल्यावर माझा राग मर्यादेवरचा उरला नाही. नळाच्या एकाच पाइपवर सगळी आळी असेल तर कुणी दिवसभर मोटर लावून बसू नये, हे आम्हाला सांगावं लागत नाही. मर्यादा न्याय्यच आहे. अन्याय आहे तो मर्यादेवर "अमर्याद" अशी पाटी लावण्यात, आणि तो आकडा घेणाऱ्याच्या हाती न देण्यात. कारण आकडा हाती असला की माणूस हिशेब करतो. मी केला. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून चालवली तर दिवसाला १०८० जीबी जातात, म्हणजे ३३०० तीन दिवसांत संपतात. आणि ३३०० जीबी महिनाभर सारखे वाटले तर सरासरी येते १० एमबीपीएस. १०० एमबीपीएसची म्हणून घेतलेली लाइन महिन्याच्या हिशेबात दहाची. ईमेल आणि बिलिंगसाठी ती भरपूर आहे, त्या किमतीला उत्तमच आहे. रात्री दोनच्या सीटीसाठी ती घ्यायची नव्हती.

मग आम्ही लीज्ड लाइन मागवली. २० एमबीपीएसची, एकास एक. म्हणजे तेवढा वेग कुणाशी वाटून न घेता आमचाच, जाताना-येताना सारखा, मर्यादा नाही, आणि बंद पडली तर किती तासांत सुरू करायची हे करारात लिहिलेलं. ब्रॉडबँडला महिन्याला दीड हजार भरत होतो, याला बारा हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. वेग पाचवा हिस्सा, पैसे आठपट. भावाला हे पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी मी कागदावर दोनच ओळी लिहून त्याच्यापुढे ठेवल्या : त्या रात्रीचे अकराशे फोटो २० च्या लाइनीवर पावणेचार मिनिटांत. तेही महिन्याच्या कुठल्याही तारखेला.

"कुठल्याही तारखेला" यावर तो थांबला आणि सही केली.

जुनी ब्रॉडबँड लाइन आम्ही ठेवली. रिसेप्शन, वायफाय, कॅमेरे, सॉफ्टवेअरचे अपडेट तिच्यावर. दोन लाइनी घेणारा राउटर बसवला. एक गेली तर सर्व्हर दुसरीवर जातो, दोन्ही गेल्या तर ४जीच्या डाँगलवर. महिन्याच्या पहिल्या तारखेला टेक्निशियन मुद्दाम लीज्ड लाइनची वायर काढतो आणि एक जुना स्कॅन पाठवून बघतो. पहिल्याच वेळी डाँगलचं रिचार्ज संपलेलं निघालं. तपासलं नसतं तर ते कुठल्या रात्री कळलं असतं, कोण जाणे. आता ते रिचार्ज माझ्या कॅलेंडरवर आहे. कन्सोलच्या कडेला टेक्निशियननं स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय : स्ट्रोक असेल तर पाच एमएम आधी, बाकी मागून.

मागच्या महिन्यात डिजिटल प्रेसवाले दादा आले होते. त्यांना नवीन कनेक्शन घ्यायचं होतं, फ्लेक्सच्या फायली मोठ्या असतात. विक्रीचा मुलगा त्यांच्या दुकानात अर्ज घेऊन बसला होता, त्यांनी मला बोलावून घेतलं. अर्जावर जाड अक्षरात अनलिमिटेड. मी त्या मुलाला विचारलं, "मर्यादा किती जीबी? अपलोड धरून का? संपल्यावर वेग किती?" तो म्हणाला, "ताई, तेवढं कुणी वापरतच नाही." मी म्हणाले, "नसेल वापरत. तरी लिहा."

त्यानं कुणाला तरी फोन लावला, दुकानाबाहेर जाऊन पाच मिनिटं बोलला. परत आला, खिशातलं पेन काढलं आणि अर्जावरच्या त्या जाड शब्दाखाली लिहिलं : ३३०० जीबी, अपलोड धरून, नंतर २ एमबीपीएस. खाली सही केली. दादांनी अर्जाचा फोटो काढला, अपलोडचा हिशेब करायला मुलाला हाक मारली आणि अर्ज तसाच टेबलावर ठेवला.